फॉलआउट न्यू व्हेगस : गोळी बेनीने घातली, पुढे काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा

2010 चा गेम आहे, ऑब्सिडियनने बनवला आणि बेथेस्डाने काढला, त्यामुळे ग्राफिक्सबद्दल बोलूच नका, चेहरे मेणाचे आणि जिकडेतिकडे तोच तपकिरी रंग. पण रोल-प्लेइंग गेम कोणता खेळू असं कोणी विचारलं तर मी अजूनही आधी हाच सांगतो.

अणुयुद्धानंतरच्या उजाड वाळवंटात तुम्ही कुरियरवाले. एक प्लॅटिनम चिप पोचवायची असते, बेनी नावाचा चौकड्याचा कोट घातलेला माणूस ती हिसकावतो, तुमच्या डोक्यात गोळी घालतो, आणि गुडस्प्रिंग्समध्ये डॉक मिचेल तुम्हाला शिवून उभं करतो. बास, एवढंच. याच मालिकेतल्या फॉलआउट 3 मध्ये बाप शोधायचा, 4 मध्ये पळवलेलं पोर, म्हणजे तुम्हाला काय वाटायला हवं ते आधीच ठरलेलं, आणि मग पोराचा पत्ता नाही आणि आपण निवांत घरं बांधतोय, भंगार गोळा करतोय, ते हास्यास्पदच वाटतं. इथे बेनीमागे बदल्यासाठी जा, चिपसाठी जा, नाहीतर नुसतं "का रे बाबा" विचारायला जा, गेमला काही फरक पडत नाही, आणि तो सापडल्यावर मारायचं की सोडायचं तेही तुमच्यावरच.

नोव्हॅक गावातला बूनचा क्वेस्ट, म्हणजे त्याने दिलेली कामगिरी, घ्या. बून हा रात्री डायनासोरच्या पुतळ्याच्या तोंडात बसून पहारा देणारा नेमबाज. त्याच्या बायकोला गावातल्याच कोणीतरी लीजनला, म्हणजे गुलाम ठेवणाऱ्या क्रूर फौजेला, विकलंय, कोणी ते त्याला माहीत नाही. तो तुम्हाला आपली टोपी देतो आणि म्हणतो, गुन्हेगाराला रात्री डायनासोरच्या पुतळ्यासमोर आण आणि ही टोपी तू घाल, तीच मला खूण. मोटेलच्या तिजोरीत विक्रीचा कागद सापडतो, त्यावर व्यवहार इतक्या कोरड्या सरकारी भाषेत लिहिलाय की वाचून चीड येते. पण शोधाशोध न करता भलत्यालाच तिथे उभं केलंत तरी डायनासोरच्या तोंडातून गोळी सुटतेच. स्क्रीनवर कुठेही "हे चांगलं, हे वाईट" असे दोन पर्याय येत नाहीत, टोपी तुमच्याकडे आणि काय करायचं ते तुम्ही ठरवा.

आता जे नाही आवडलं ते. कर्मा मीटर, म्हणजे तुमचं पाप-पुण्य मोजणारा आकडा, निव्वळ विनोद. फीन्ड टोळीतले नशेबाज मारले की कर्मा वाढतो, त्यांच्याच अड्ड्यावरची एखादी वस्तू उचलली की चोरी म्हणून कमी होतो! त्यापेक्षा प्रत्येक गटाकडे तुमचं नाव वेगवेगळं चांगलं-वाईट होतं ती सिस्टीम कितीतरी शहाणी, लीजनचे शत्रू असलेले एनसीआर या प्रजासत्ताकवाले खूश असतील तर लीजन तुमच्या जिवावर उठणार, हे पटतं तरी. लीजनची बाजू मात्र अर्धवट वाटते, त्यांच्याकडून खेळायला क्वेस्टच कमी आहेत, त्यामुळे वाईट माणूस व्हायचं म्हटलं तर गेमच हात आखडता घेतो.

सगळ्यात मोठी तक्रार लोनसम रोड या डीएलसीबद्दल, म्हणजे गेमला नंतर जोडलेल्या वेगळ्या भागाबद्दल. इतका वेळ आपला कुरियर कोण हे आपण मनाने रचत आलेलो असतो, आणि तिथे युलिसिस नावाचा माणूस भेटून सांगतो की तुझं मागचं एक पार्सल पोचलं आणि एक अख्खी वस्ती उद्ध्वस्त झाली. अरे पण मी कुठे नेलं ते, माझ्या हातून झालंच नाही तर अपराधी कसलं वाटणार? लिहिलंय भारी, पण माझ्या कुरियरला ते चिकटलं नाही.

घ्यायचा तर अल्टिमेट एडिशन घ्या, चारही मोठे डीएलसी त्यात येतात, सेलला लागला की स्वस्तात पडतो. पीसीवर क्रॅश होतो, स्टेबिलिटीचे मॉड (खेळाडूंनी बनवलेले सुधार) आधी टाका आणि ऑटोसेव्हवर विसंबू नका. हूवर धरणाची लढाई झाली की गेम संपतो, पुढे फिरता येत नाही, म्हणून तिथे जायच्या आधीचा एक सेव्ह वेगळा ठेवा. आणि गुडस्प्रिंग्सहून थेट उत्तरेला शॉर्टकट मारू नका, कॅझॅडोर नावाच्या विषारी माश्या आणि डेथक्लॉ नावाचे राक्षसी सरडे वाट बघत बसलेत.