गुण देणारा खेळ की गप्प बसणारा?

२०१० च्या 'मास इफेक्ट २' या व्हिडिओ गेममध्ये सद्वर्तनाला निळे गुण, दांडगाईला लाल. एका बाजूचे गुण पुरेसे साठले की संवादाचे खास पर्याय खुलतात. म्हणून खेळाडू एकदा रंग ठरवतो आणि पुढे प्रसंग न तोलताच तोच रंग निवडत जातो. कथा सुरेख आहे, पण पेच हळूहळू हिशेब होतो.

२०१३ चा 'पेपर्स, प्लीज' असं काहीच मोजत नाही. तुम्ही सीमेवर कागद तपासणारे कारकून. एक नवरा आत जातो, जाताना म्हणतो, मागे बायको आहे, तिला सांभाळून घ्या. तिच्याकडे प्रवेशपरवानाच नाही. सोडलं तर चूक नोंदली जाते. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना ताकीद, पुढे पगारातून दंड. आणि त्याच पगारात घरच्यांचं अन्न, ऊब, औषध भागवायचं असतं! इथे दयेची किंमत आपलं घर मोजतं, आणि बरोबर केलंत की चूक, याचे गुण कोणी देत नाही.

मला दुसराच प्रकार खरा वाटतो. त्या बाईच्या कागदांवर शिक्का मारताना माझा हात थबकला होता. निळ्या-लाल गुणांनी तो कधीच थांबवला नाही.