खांद्याची कटकट आणि फिजिओथेरपी, सहा आठवड्यांचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

जिममध्ये जाणाऱ्या पोरांसाठी मुद्दाम सविस्तर लिहायलोय, कारण मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर माझे चार महिने आणि बरेच पैसे वाचले असते.

माझा उजवा खांदा मागच्या दिवाळीपासून वाजायला लागला. शोल्डर प्रेस मारताना समोरून कटकट आणि डंबेल खाली आणताना मागून करकर, वाळू घासल्यासारखी. सुरुवातीला नुसता आवाज होता, नंतर बेंच प्रेसला दुखायला पण लागलं, हात खांद्याच्या उंचीला आला की बरोब्बर तिथंच कळ. घरी सांगितलं तर प्रत्येकाचं वेगळं. आई म्हणली अंगातलं कॅल्शियम कमी झालं, जिममधला मित्र म्हणला सांध्यातलं वंगण संपलंय गोळ्या चालू कर, आणि आमचे काका, तालमीतले माणूस, नामांकित पैलवान हरिश्चंद्र बिराजदारांच्या जिल्ह्यातले म्हणून कुस्तीचा भारी अभिमान, ते म्हणले मुद्गल फिरव सगळं मोकळं होतंय. मी गोळ्याही खाल्ल्या आणि तेलही लावलं. मग एका ठिकाणी दहा दिवस मशिनचा शेक घेतला, तिथं माझा हात वर उचलून पण कुणी बघितला नाही, रोज पॅड लावायचे आणि वीस मिनिटांनी काढायचे. फरक शून्य.

मग लातूरला औसा रोडच्या या फिजिओथेरपी क्लिनिकला आलो. पहिल्या दिवशी इथल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी जवळजवळ पाऊण तास दिला. शर्ट काढायला लावून पाठमोरं उभं केलं, दोन्ही हात हळूहळू वर-खाली करायला लावले आणि माझ्या खवाट्यावर, म्हणजे खांद्यामागच्या पसरट हाडावर, तळहात ठेवून आवाज कुठून येतोय ते बघितलं. मग म्हणल्या, "जिममधला व्हिडिओ आहे का तुमचा?" होता. बेंच प्रेसचा बघून लगेच बोट ठेवलं, कोपर एकदम आडवे, खांद्याच्या रेषेत ९० अंशात, आणि शोल्डर प्रेसला मानेमागून बार खाली घेण्याची सवय. वर आठवड्यात छातीचे दोन दिवस आणि पाठीचं कसंतरी अर्धा दिवस.

त्यांनी समजावलेलं मला लई पटलं. शाळेत लिंबू-चमच्याची शर्यत असायची ना, खांदा तसाच असतो म्हणे. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि खोबण उथळ, म्हणून हात सगळीकडं फिरतो पण निसटायची भीतीही जास्त. तो गोळा खोबणीच्या मधोमध धरून ठेवायला चार छोटे स्नायू असतात, त्यांना रोटेटर कफ म्हणतात. आपण छाती वाढवत बसतो, हे चार आणि खवाट्याचे स्नायू मागं राहतात, मग हात वर जाताना गोळा नीट फिरत नाही आणि वरच्या हाडाखाली कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, चोळला जातो. समोरची कटकट बऱ्याचदा कंडरा हाडावरून सरकल्यानं किंवा सांध्यातल्या पाण्यात हवेचा बुडबुडा झाल्यानं येते, मागची करकर खवाटा बरगड्यांवर घासल्यानं.

मी विचारलं, एमआरआय कामून नाही काढायचा? तर म्हणल्या, "दादा, आवाज हा आजार नाही. नुसता आवाज आहे, दुखत नाही, ताकद कमी नाही, तर घाबरायचं नाही. तुम्हाला दुखतंय म्हणून आपण उपचार करायलोत. सहा आठवड्यात फरक नाही पडला तर तपासणी करू." आणि दुखणं नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्ये पण झीज, फाटणं दिसू शकतं, म्हणून नुसत्या रिपोर्टला घाबरून जायचं नाही, हे पण सांगितलं. थांबायचं नाही अशी लक्षणं मात्र स्पष्ट सांगितली: पडल्यावर किंवा झटका बसल्यावर हात उचलेना, खांदा अडकून बसतो किंवा निसटल्यासारखा वाटतो, रात्री झोप मोडेल इतकं दुखतं, हाताला मुंग्या येतात, असं असलं तर सरळ हाडाच्या डॉक्टरकडं.

व्यायाम साधेच होते, पण मी चुकीचे करायचो ते हात धरून दुरुस्त केले. काखेत टॉवेलची गुंडाळी दाबून रबर बँड बाहेर ओढायचा, १५ चे तीन सेट. भिंतीला हात टेकून वर सरकवायचे. पुशअप्स संपताना हात ताठ करून वरची पाठ अजून थोडी वर ढकलायची, म्हणजे खवाटे बरगड्यांना धरून बसतात. केबलवर फेस पुल, म्हणजे दोरी तोंडाकडं ओढायची. बेंचला कोपर अंगाजवळ, साधारण ४५ अंशात. मानेमागचा प्रेस बंद. जिम बंद कर असं एकदाही म्हणल्या नाहीत, वजन निम्म्यावर आणलं फक्त, आणि छातीच्या प्रत्येक सेटला एक सेट रोइंगचा, म्हणजे वजन अंगाकडं ओढायच्या पाठीच्या व्यायामाचा. मला हेच सगळ्यात आवडलं, कारण बाकी सगळे एकच म्हणायले होते, सोडून दे.

तिसऱ्या आठवड्यापर्यंत काहीच वाटलं नाही, खरं सांगतो, मन खट्टू झालं होतं. चौथ्यापासून कळ कमी झाली. आज सहा आठवडे झाले, ५० किलोचा बेंच न दुखता होतो. मागची करकर बरीच गेली, समोरची कटकट अजून अधूनमधून येते, पण दुखत नाही म्हणून मी आता तिकडं लक्ष देत नाही.

एक स्टार कापला तो जागेसाठी. क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, माझ्यासमोर एक आजी गुडघे धरून पायरी-पायरीनं चढायल्या होत्या, बघवत नव्हतं. खाली एखादी खोली घ्यावी ही मनापासून विनंती. वेळ देऊनही दोनदा पाऊण-पाऊण तास बसावं लागलं. व्यायामाचा कागद इंग्रजीत होता, पण मागितल्यावर मॅडमनी स्वतः मराठीत लिहून दिला, तो सगळ्यांनाच द्यावा.

मला एका बैठकीचे ३०० रुपये पडले, आठवड्यातून दोनदा बोलावलं, नंतर घरीच करा म्हणल्या. संध्याकाळी गर्दी असते, सकाळी लवकर गेलात तर निवांत बघतात. जाताना व्यायामाचा व्हिडिओ मोबाईलमध्ये घेऊन जा, बाजूनं आणि मागून दोन्हीकडून काढलेला.