आखूड एअर रायफल: दसऱ्यापासून श्रावणापर्यंतचा वापर

आखूड एअर रायफल, म्हणजे दाबलेल्या हवेने छर्रा फेकणारी बंदूक, घ्यायची असेल तर खोक्यावर छापलेला वेग नंतर वाचा, आधी ती दुकानात स्वतःच्या हाताने एकदा ताणून (म्हणजे बार काढण्याआधी आतली स्प्रिंग दाबून अडकवून) बघा. माझी रायफल दसऱ्याला घरी आली. बायकोने शस्त्रपूजनात तिला झेंडूची माळही घातली. आता श्रावण लागलाय. मधल्या काळात मेहुण्यानेही तेवढ्याच लांबीची, पण जवळजवळ दुप्पट ताकदीची घेतली. दिंडोरीकडे त्याचं द्राक्षांचं पॅकिंग शेड आहे, तिथे दोन्ही शेजारी ठेवून भरपूर चालवल्या. पुढचं सगळं त्यावरून.

खरं तर मला हवी होती लिव्हर-अ‍ॅक्शन. घोड्यावर बसून खालची कडी खटाखट पुढे-मागे करत झाडतात ती. विंचेस्टरची 1873 ची, नंतर जॉन ब्राउनिंगने रचलेली 1892 आणि 1894 ची, आणि त्यांचीच वीस इंची नळीची आखूड आवृत्ती, कार्बाइन. कडी खाली ओढली की रिकामं काडतूस बाहेर, कडी वर घेतली की नळीखालच्या मॅगझिनमधलं नवं आत. त्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकापुढे एक आडवी असतात, मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकतं, म्हणून तिच्या गोळ्या परंपरेने चपट्या नाकाच्या असतात. यंत्र म्हणून फार गोड. पण आपल्याकडे ते अग्निशस्त्र, 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागणार. आणि ‘रविवारी डबे पाडायचे आहेत’ हे कारण परवान्याच्या अर्जात लिहून कोण आपलं हसं करून घेणार? अमेरिकेतल्या पोरांची डेझी रेड रायडर दिसते तशी, कडीही तशीच, पण ती गुळगुळीत नळीतून पोलादी गोळ्या फेकते. नळीला आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या पीळदार खाचाच नाहीत, मग कागदावर नेम लागणार कसा?

तेव्हा आपल्या वाट्याला आली छर्ऱ्याची बंदूक. 4.5 मिलिमीटरची म्हणजे .177 इंची, आणि ताकद (नळीतून निघताना छर्ऱ्याची ऊर्जा) 20 ज्यूलच्या आत, तर 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्राची प्रत घेतो आणि नोंद करतो. .22 ची एअर रायफल मात्र परवान्यातच येते. ‘.22 घ्या, त्यात मजा आहे’ म्हणणारा कोणी भेटला तर तेवढं लक्षात असू द्या.

आता लिव्हर. मी नाशिकच्या अंबडला टूलरूममध्ये काम करतो, त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिची बिजागरी बघतो. मधे मोडून ताणायच्या रायफलीत नळी हीच लिव्हर असते. नळी खाली वाकवायची, आतला पिस्टन मागे सरकतो, स्प्रिंग दाबली जाते आणि अडकते. अंडरलिव्हर प्रकारात नळी जागची हलत नाही, तिच्याखाली वेगळा दांडा असतो. दोन्हीकडे हिशोब एकच: पहार जितकी आखूड, तितका जोर जास्त. म्हणजे कंपनीने बंदूक आखूड केली आणि स्प्रिंग तीच दणकट ठेवली, तर त्या कापलेल्या इंचांची किंमत तुमचा दंड मोजतो.

सामानाच्या बॅगा मोजायचा हुकवाला काटा नळीच्या टोकाला अडकवून ओढून पाहिलं. माझी साधारण बारा किलोला वाकते, मेहुण्याची वीसच्या आसपास. त्याच्यात स्प्रिंगऐवजी गॅसचा पिस्टन आहे. स्प्रिंगचा जोर हळूहळू वाढत जातो, गॅसचा पहिल्या इंचापासूनच जवळजवळ पुरा लागतो. अर्धा तास झाला की त्याचा उजवा हात थरथरायला लागतो, आणि थरथरत्या हाताने नेम काय धरणार! पहिल्या रविवारी तो म्हणाला होता, “दाजी, तुमची बंदूक म्हणजे पोराटोरांचं खेळणं.” हल्ली शेडमध्ये आला की आधी माझीच उचलतो.

आखूड रायफल बघताना एक युक्ती लक्षात ठेवा. काही मॉडेलमध्ये खरी नळी आखूडच असते, पण तिच्यावर पुढे पोकळ नळकांडं चढवून लांबी वाढवलेली असते. दिसायला ते उगाच वाटतं, पण ताणताना हात तिथे पडतो आणि काम हलकं होतं. खरी नळी आखूड असल्याने वेगात फारसं बिघडत नाही, कारण स्प्रिंगच्या बंदुकीत छर्ऱ्याला मिळायचा तो वेग बहुतेक पहिल्या आठ-दहा इंचांतच मिळून जातो. बिघडतं ते साइटमुळे, म्हणजे नेम धरायला नळीवर पुढे-मागे असलेल्या खुणांमुळे. पुढची आणि मागची साइट यांत चाळीस सेंटिमीटर अंतर असेल आणि जुळवताना एक मिलिमीटर इकडेतिकडे झालं, तर दहा मीटरवर छर्रा पंचवीस मिलिमीटर सरकतो. तेच अंतर पन्नास सेंटिमीटर असेल तर वीस. आखूड बंदूक ‘फिरते’ म्हणतात ती इथे.

ताकदीबद्दल थोडं सविस्तर, कारण दुकानात सगळी बोलणी त्यावरच होतात. चपट्या तोंडाचा साधा छर्रा 0.53 ग्रॅमचा. तो सेकंदाला 200 मीटरने निघाला तर ऊर्जा होते साडेदहा ज्यूल, 270 मीटरने निघाला तर एकोणीसच्या वर. ऑलिंपिकमध्ये दहा मीटरवर वापरतात त्या हवेच्या रायफली छर्रा फेकतात सेकंदाला 170 मीटरच्या आसपास, म्हणजे आठ ज्यूलसुद्धा नाही. जगातले सगळ्यात अचूक लोक ज्या अंतरावर आठ ज्यूलमध्ये भागवतात, त्याच अंतरावर आपल्याला एकोणीस कशाला हवेत? शिवाय खोक्यावरचा वेग बरेचदा हलक्या मिश्रधातूच्या छर्ऱ्यांवर मोजलेला असतो, शिशाच्या छर्ऱ्यांवर तेवढा मिळत नाही.

जास्त ताकदीचा दुसरा त्रास धक्क्याचा. स्प्रिंगची रायफल दोनदा हलते: पिस्टन पुढे सुटतो तेव्हा बंदूक मागे येते, आणि तो टोकाला आपटतो तेव्हा पुढे जाते. हे सगळं होतं तेव्हा छर्रा अजून नळीतच असतो. माझी लेक कॉलेजात एनसीसीला होती, तिथे .22 रायफल खांद्यात घट्ट ओढून धरायला शिकवलेलं. तीच सवय इथे आणली आणि कार्डावर छर्रे चारी दिशांना. “बाबा, ही उडी मारते!” मारणारच. हिला उडी मारू द्यायची असते. डावा तळवा नुसता खाली ठेवायचा, बोटं मिटायची नाहीत, खांद्याला जेमतेम टेकवायची, गालाचा भार टाकायचा नाही. तळवा दर वेळी त्याच जागी हवा. मी दस्त्याखाली चिकटपट्टीचा एक तुकडा लावलाय, करंगळी तिथे टेकली की जागा बरोबर. एवढ्यावर लेकीचे पाच छर्रे दहा मीटरवर बसून रुपयाच्या नाण्याखाली झाकले जायला लागले, तेही दुर्बीण न लावता. मेहुण्याच्या बंदुकीत हीच सैल पकड धरली तरी ती हातातून निसटल्यासारखी वाटते, कारण धक्का मोठा आणि वजन तेवढंच. आखूड आणि हलकी बंदूक दणकट स्प्रिंगची असू नये हे माझं म्हणणं मुख्यतः यावरून.

कार्ड कुठलं लावावं? दहा मीटर रायफलचं अधिकृत कार्ड आणू नका. त्यातला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, उघड्या साइटने त्यावर नेम धरणं म्हणजे स्वतःचा हिरमोड करून घेणं. पिस्तुलाचं कार्ड लावा. त्यात दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं आणि काळा भाग 59.5 मिलिमीटरचा. पुढची साइट काळ्याच्या खालच्या कडेला टेकवायची. माझ्या रायफलीवर हिरव्या-लाल चमकत्या साइट होत्या. शेडमध्ये उन्हाची तिरीप आली की पुढचा ठिपका फुगून काळ्यात शिरायचा. काळ्या मार्करने रंगवून टाकल्या, प्रश्न मिटला. दुर्बिणीच्या नादी लागणार असाल तर एअरगनसाठीचीच घ्या. त्या उलट्या धक्क्याने साधी दुर्बीण आतून खिळखिळी होते आणि तिचा माउंट मागे सरकत राहतो.

छर्ऱ्यांवर कंजुषी नको. टोकदार छर्रे कागद फाडतात, चपटे गोल भोक पाडतात, गुण मोजायला तेच बरे. एक स्वस्त डबी आणली होती, मायक्रोमीटर लावून पाहिला तर डोक्याच्या मापात एकवाक्यता नाही आणि कित्येकांचा घेर चेपलेला. काचेवर घरंगळवले की चेपलेला लगेच लंगडतो, तो बाजूला काढायचा. पोलादी गोळ्या रायफलच्या नळीत कधीही घालू नका. आटे खराब होतात आणि गोळी भिंतीवरून उलटी येते. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा हात साबणाने धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही हा आमच्या घरचा नियम.

छर्रे अडवायला लाकडी खोकं केलं: मागे प्लायवूड, आत दाबून भरलेल्या जुन्या चिंध्या आणि वर्तमानपत्रं, समोर कार्ड. जानेवारी ते एप्रिल शेडमध्ये पॅकिंगची गडबड असते, तेव्हा घरीच हॉलपासून मागच्या खोलीपर्यंत आठेक मीटर मिळतात. खोक्यामागे विटांची भिंत आणि दाराला कडी. माझी बंदूक घरात चालते, शेजाऱ्यांची तक्रार नाही. मेहुण्याचीचा आवाज सोसायटीत ऐकवणार नाही.

तक्रारी आहेतच. ट्रिगर जड आणि लांबलचक. कुठे सुटणार ते कळायलाच बरेच दिवस गेले, आता अंगवळणी पडलाय. नवी असताना प्रत्येक बाराबरोबर धूर आणि जळक्या तेलाचा वास यायचा, आतलं कारखान्याचं तेल जळून गेल्यावर थांबला. त्या काळात छर्रे कसेही पडतात, साइट फिरवत बसू नका. आणि आत आणखी तेल तर मुळीच सोडू नका, दाबाखाली ते पेटतं आणि पिस्टनचं सील जातं. दस्त्याचे स्क्रू सारखे सैल होत. एक शेडमध्ये पडला तो सापडलाच नाही. ज्या दुकानातून घेतली तिथे मागितला तर ‘पुढच्या आठवड्यात’ हे उत्तर इतके आठवडे मिळालं की शेवटी लेथवर स्वतःच बनवला. थ्रेड लॉकरचा (स्क्रूचे आटे धरून ठेवणाऱ्या गोंदाचा) थेंब टाकल्यापासून जागचे हलत नाहीत. पावसाळ्यात नळीवर बोटांचे ठसे तांबूस उमटले, कव्हरमध्ये ओल राहिली होती. आता पुसून, तेलाचं बोट फिरवून कपाटात उघडीच ठेवतो. छर्रे मधेच खाली पडायला लागले तर नळीच्या सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवून बार काढा. पट्टी उडाली तर सांध्याचं रबर गेलं समजा.

जपायच्या गोष्टी म्हणजे नळी मोडलेली असताना छर्रा बसवताना दुसऱ्या हाताने नळी धरूनच ठेवायची. चाप चुकून सुटला तर ती फटकन वर येते, बोट जातं. छर्ऱ्याशिवाय बार काढायचा नाही, पिस्टन थेट लोखंडावर आपटतो. ताणून ठेवून चहाला जायचं नाही.

शेडवर येणाऱ्या एकाने सुचवलं होतं, नांदूरमध्यमेश्वरला जाऊ, बदकं भरपूर असतात. ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे आणि पक्षी मारणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे त्याला नीट ऐकवलं. परत बोलावलं नाही. गच्चीवरच्या कबुतरांबद्दल विचारणाऱ्यांनाही माझं उत्तर नाहीच आहे.

लेकीला आता हे रीतसर शिकायचंय. नाशिकमध्ये त्याला तोटा नाही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये 2024 ला नेमबाजीचं कांस्यपदक घेणारा कोल्हापूरकडचा स्वप्निल कुसाळे नेमबाजी शिकला तो इथल्या क्रीडा प्रबोधिनीतच. पण तिथली रायफल वेगळी: दाबलेल्या हवेची, धक्का जवळजवळ नाहीच, वजन साडेपाच किलोपर्यंत. स्प्रिंगच्या बंदुकीवरून तिकडे जाणाऱ्याला सैल पकड पुन्हा विसरावी लागते. त्यामुळे तिला सध्या क्लबचीच रायफल वापरायला सांगितलंय, घरची माझ्याकडे. मेहुण्याने त्याची विकायला काढलीय. कोणाला हवी असेल तर आधी शेडवर येऊन सलग वीस वेळा ताणून बघा, मग किमतीचं बोलू.