टॅकिनिड माश्यांसाठी घेतलेला स्टिरिओ झूम मायक्रोस्कोप (ठाणे) – ४/५

ठाणे स्टेशनजवळच्या सायंटिफिक सामानाच्या दुकानातून हा ट्रायनॉक्युलर (दोन डोळ्यांसाठी दोन आणि वर तिसरी नळी असलेला) घेतला, ७ ते ४५ पट झूमवाला. माझं काम टॅकिनिड माश्यांचं आहे. यांच्या अळ्या दुसऱ्या किड्यांच्या अंगात वाढतात, जास्त करून फुलपाखरं-पतंगांच्या सुरवंटात, आणि बहुतेक वेळा त्याला मारूनच बाहेर येतात. रेशीमवाल्या शेतकऱ्यांना छळणारी उझी माशी याच घराण्यातली. जगात ८,५०० च्या वर जातींना नावं मिळालीयेत आणि बिननावाच्या अजून ढिगाने आहेत, त्यामुळे घोडबंदर रोडच्या सोसायटीतल्या कढीपत्त्यावरच्या सुरवंटातून निघालेली माशीसुद्धा नीट बघावीच लागते.

२०-२५ पटीलाच स्क्युटेलमच्या (पाठीवर छातीच्या मागच्या टोकाला असलेल्या छोट्या तुकड्याच्या) खालचा तो फुगीर उंचवटा, सबस्क्युटेलम, एकदम स्वच्छ दिसतो, तो दिसला आणि पंखातली मधली शीर टोकाकडे वर वळलेली असली की घराणं जवळजवळ पक्कं. पण पुढे ओळख-की (एकेक लक्षण तपासत जातीपर्यंत नेणारा तक्ता) चालवायची म्हणजे राठ केस मोजत बसायचं, छातीवर कुठे किती, डोळ्यांवर लव आहे का, अँटेनावरचा अरिस्टा (बारीक केसासारखा भाग) कुठपर्यंत जाड, आणि तिथे ४५ पट खरंच कामी येते. दुकानातल्या काकांनी दोन मॉडेलं शेजारी लावून माझीच पिनवरची माशी दाखवली, अजिबात घाई केली नाही, मला हे फार आवडलं.

लाइट मात्र खटकला. एलईडी रिंग थेट चमकते, काळ्या माशीवर पांढरे ठिपके उठतात आणि अंगावरची राखाडी पावडर कुठवर आहे तेच कळत नाही, जी ओळखायला फार लागते! ट्रेसिंग पेपरची नळी माशीभोवती उभी केली की काम होतं, पण डिफ्यूझर सोबत द्यायला हवा होता.

नवीन जात जाहीर करायची असेल तर हा एकटा पुरणार नाही. नराच्या पोटाचं टोक पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये साफ करून जननेंद्रियं ग्लिसरिनमध्ये बघायची, त्याला कंपाउंड मायक्रोस्कोप (याहून खूप जास्त पट मोठं दाखवणारा) लागतो, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या जाती बऱ्याचदा तिथेच वेगळ्या निघतात. शिवाय जुन्या होलोटाइपशी (जातीला नाव देताना ठरवलेल्या मूळ नमुन्याशी) ताडून बघायचं ते वेगळंच.

घ्यायचा तर ट्रायनॉक्युलरच घ्या, तिसऱ्या नळीवर कॅमेरा बसतो आणि वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडता येतात. केस स्पष्ट दिसत नसतील तर तज्ज्ञ फोटोवरून काहीच सांगू शकत नाहीत.