डी-टिकेट: हिवाळा आणि उन्हाळा वापरून झाल्यावरचं मत

जर्मनीत न्यूर्नबेर्गला मास्टर्ससाठी आल्यापासून मी डॉइचलांड-टिकेट वापरतेय. इथे सगळे त्याला डी-टिकेटच म्हणतात. मुंबईत वाढलेल्यांना समजावायला सोपं आहे: लोकलचा महिन्याचा पास, फक्त तो अख्ख्या देशाला चालतो. मे 2023 मध्ये 49 युरोला सुरू झालं, 2025 मध्ये 58 झालं आणि जानेवारी 2026 पासून 63 युरो आहे. किंमत वाढत गेली तरी माझं मत ठाम आहे. युरोपातली जुनी शहरं नीट बघायची असतील, तर विद्यार्थ्याला यापेक्षा चांगली सोय मला माहीत नाही.

आधी एक महत्त्वाचं. स्वतः विकत घेण्याआधी विद्यापीठाचं सेमिस्टर शुल्क नीट वाचा. अनेक विद्यापीठांत हेच तिकीट कमी दरात त्या शुल्कातच धरलेलं असतं, आणि काही राज्यांत विद्यार्थ्यांसाठी वेगळी सवलत असते. पुण्या-मुंबईहून येणारी मुलं पहिल्या आठवड्याच्या धावपळीत हे न बघताच पूर्ण किमतीचं तिकीट घेऊन बसतात.

चालतं कुठे? आरई आणि आरबी या प्रादेशिक गाड्या, एस-बान म्हणजे शहरी लोकल, मेट्रो, ट्राम, बस, सगळीकडे. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत नाही आणि फ्लिक्सट्रेनमध्येही नाही. पण दुसऱ्या शहरात उतरल्यावर तिथल्या बसचं तिकीट कुठल्या मशिनवर काढायचं, झोन कोणता, ही कटकट पूर्ण संपते. माझ्या दृष्टीने अर्धी किंमत इथेच वसूल होते. न्यूर्नबेर्गमध्येही क्लास संपल्यावर यू1 मेट्रोने बेरेनशान्झला उतरून कोर्टरूम 600 बघता आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवरचा मुख्य खटला नोव्हेंबर 1945 ते ऑक्टोबर 1946 या काळात तिथेच चालला. वेगळा बेत करावा लागला नाही, प्रवासाचा वेगळा खर्चही नाही.

खरी मजा तासा-दीड तासाच्या अंतरावरच्या शहरांची. रेगन्सबुर्गला मी पुन्हा पुन्हा जाते. डोमच्या, म्हणजे मुख्य चर्चच्या, मागच्या गल्लीत एका पांढऱ्या भिंतीत मोठमोठ्या दगडांची कमान बसलेली दिसते. तो पोर्टा प्रेटोरिया, रोमन छावणीचा दरवाजा. छावणी इ.स. 179 ची, मार्कस ऑरेलियसच्या काळातली. तिकीट नाही, रांग नाही. दगडांमधल्या सांध्यांवरून हात फिरवता येतो आणि वरून नंतरच्या शतकांची भिंत कशी चढत गेली तेही दिसतं. पाच मिनिटं चाललं की डॅन्यूबवरचा दगडी पूल. तो बाराव्या शतकातला, आणि जवळजवळ आठशे वर्षं शहरात नदीवर तेवढा एकच पूल होता. इथला व्यापार आणि इथली श्रीमंती त्यावरच उभी राहिली.

जुन्या टाउन हॉलची गाइडेड टूर मात्र चुकवू नका, टूरशिवाय आतली सभागृहं बघता येत नाहीत. पवित्र रोमन साम्राज्याची कायमस्वरूपी सभा 1663 ते 1806 इथे भरत होती. सम्राटाचं आसन सगळ्यात उंचावर, त्याखाली इलेक्टर (सम्राट निवडणारे सरदार), त्याखाली राजे-रजवाडे आणि शहरांचे प्रतिनिधी जमिनीच्या पातळीवर. कोणाचं वजन किती, हे बसण्याच्या पायऱ्यांवरूनच कळतं. पुस्तकात तीनदा वाचूनही मला ते साम्राज्य कळलं नव्हतं, त्या खोलीत कळलं.

वुर्झबुर्गलाही वेळ द्या. रेसिडेन्झ या राजवाड्याच्या जिन्यावरचं छत वास्तुकार बाल्थासार नॉयमानने मधे एकही खांब न देता बांधलं आणि 1752-53 मध्ये चित्रकार टिएपोलोने त्यावर चार खंड रंगवले. जिना चढताना समोर अमेरिका येते. मधल्या टप्प्यावर वळलं की युरोप उघडतो आणि दोन्ही बाजूंना आशिया व आफ्रिका. युरोपच्या बाजूला खाली बघा, स्वतः नॉयमान तोफेवर ऐसपैस बसलाय. 16 मार्च 1945 च्या बॉम्बहल्ल्यात राजवाड्याचा मोठा भाग जळाला, पण हे छत टिकलं. त्यानंतर स्किल्टन नावाच्या अमेरिकन अधिकाऱ्याने त्यावर तात्पुरतं छप्पर घालून घेतलं म्हणून चित्र पावसापासून वाचलं. हे कळल्यावर मी पुन्हा जिना उतरून पहिल्यापासून चढले.

बांबेर्ग सुंदरच आहे. नदीच्या मधोमध उभं टाउन हॉल आणि डोममध्ये पोप क्लेमेंट दुसरे यांची कबर, एवढं तरी बघाच. रोथेनबुर्गला दुपारी बाजारचौकात गर्दी असते, म्हणून थेट तटावर चढा. युद्धात पूर्वेकडचा भाग उद्ध्वस्त झाला होता आणि तट पुन्हा उभा करायला जगभरातून पैसे आले. देणाऱ्यांची नावं दगडी पाट्यांवर कोरून भिंतीत बसवली आहेत, त्यात जपानी नावंही बरीच आहेत.

आता तक्रारी. या गाड्या वेळेवर येतील असं धरून चालू नका. दहा मिनिटांचा उशीर असला तरी पुढची जोडगाडी निघून जाते आणि आडमार्गावर ती तासाने असते. ट्रॅकच्या कामामुळे उन्हाळ्यात मला कितीतरी वेळा बदली बसने यावं लागलं. शनिवारी सकाळी सायकली, पाठपिशव्या आणि ट्रेकवाले अशी गर्दी की उभं राहून जायची तयारी हवी, कारण सीट आरक्षित होत नाही. काही गाड्यांचे डबे वाटेत वेगळे होऊन दोन दिशांना जातात, त्यामुळे चढताना डब्यावरची पाटी वाचा. आणि रोथेनबुर्गसारख्या ठिकाणी परतीची शेवटची गाडी पोचल्या पोचल्या बघून ठेवा.

लांब जायचं तर हे तिकीट उपयोगाचं नाही, हे मोकळेपणाने सांगते. इथून पार उत्तरेकडच्या ल्युबेकला नुसत्या आरईने जाण्यात अख्खा दिवस जातो. तिथे आधीच आयसीईचं स्वस्त सेव्हर तिकीट काढावं. प्रागला जाताना सीमेपलीकडचं तिकीट वेगळं लागतं. झाल्सबुर्ग मात्र सुखद अपवाद. ऑस्ट्रियात असूनही तिथल्या मुख्य स्टेशनपर्यंत डी-टिकेट चालतं, तिथून मोझार्ट जन्मला ते गेट्राइडगासेवरचं घर चालत गाठता येतं. परतताना सीमेवर पोलीस डब्यात येऊन कागद तपासतात. आपल्याकडे भारतीय पासपोर्ट असतो, म्हणून पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिटचं कार्ड दोन्ही मूळ प्रती जवळ हव्यात. मोबाइलमधला फोटो चालत नाही.

तिकीट नावावर असतं, मैत्रिणीला देता येत नाही, आणि तपासनीस ओळखपत्र मागतोच. फोनची बॅटरी संपली तर तिकीट दाखवता येत नाही, त्यामुळे पॉवर बँक माझ्या बॅगेत कायम असते. हे सबस्क्रिप्शन आहे. पुढचा महिना नको असेल तर चालू महिन्याच्या 10 तारखेच्या आत रद्द करावं लागतं, नाहीतर पैसे कापले जातात. सुट्टीत भारतात येणाऱ्यांनी ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

परीक्षांच्या महिन्यात मी ते बंद ठेवते, बाकी चालूच असतं. पुढच्या सेमिस्टरला एर्फुर्ट करायचंय: दोन्ही बाजूंनी घरं असलेला क्रेमरब्रुके पूल आणि 2023 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलेलं जुनं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनागृह. कोणी न्यूर्नबेर्गहून आरईने तिथे जाऊन आलं असेल, तर एका दिवसात निवांत होतं की मुक्काम करावा, ते जरूर सांगा.