उणे वीसमध्ये कोणती गाडी: इलेक्ट्रिक, हायब्रिड की प्लग-इन?

कॅनडात नव्याने आलेलं मराठी कुटुंब गाडी घ्यायला निघालं की आमच्याकडे ओटावाला एक फोन हमखास येतो. "दादा, तुमची इलेक्ट्रिक थंडीत चालते का हो?" चालते. आमचा हा पाचवा हिवाळा. पण मी आधी उलट विचारतो, "रात्री गाडी कुठे उभी करणार?" कारण पुढचा सगळा हिशोब त्यावर ठरतो.

आधी रेंज, म्हणजे एकदा चार्ज केल्यावर गाडी किती लांब जाते ते. ट्रिपल-ए या अमेरिकेतल्या वाहनचालकांच्या संस्थेने 2019 मध्ये पाच इलेक्ट्रिक गाड्या उणे 7 अंशांत तपासल्या. हीटर बंद असताना रेंज सरासरी 12 टक्के घटली, हीटर लावल्यावर 41 टक्के. थंडीत बॅटरी सुस्तावते हे खरं, पण खरा खादाड हीटरच. पेट्रोलच्या इंजिनात निम्म्याहून जास्त ऊर्जा नुसती उष्णता होऊन वाया जाते आणि त्यातलीच थोडी आत फिरवतात, म्हणून तिथली ऊब फुकट वाटते. इलेक्ट्रिकमध्ये ती बॅटरीतून विकत घ्यावी लागते.

हायब्रिड, म्हणजे पेट्रोलच्या इंजिनाला छोट्या बॅटरीची जोड असलेली, प्लगला न लावायची गाडी. तीही धुतल्या तांदळाची नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या आकड्यांप्रमाणे तेवढ्याच थंडीत शहरात साध्या पेट्रोल गाडीचं मायलेज सुमारे 15 टक्के घटतं, तर हायब्रिडचं 30 ते 34 टक्के. फक्त त्याची बोंब होत नाही, कारण टाकी पाच मिनिटांत भरते.

आमच्या गाडीची बॅटरी 65 युनिटची. उन्हाळ्यात हायवेला 100 किलोमीटरला 17 युनिट लागतात, जानेवारीत 25. म्हणजे 380 किलोमीटरची गाडी 260 वर येते. संक्रांतीच्या कार्यक्रमाला टोरांटोला जायचं तर साडेचारशे किलोमीटर. उन्हाळ्यात एकदा किंग्स्टनला थांबलं की झालं. जानेवारीत किंग्स्टन आणि पुढे कोबर्ग, असे दोन थांबे. मागच्या वर्षी किंग्स्टनच्या चार्जरवर आमच्या पुढे तीन गाड्या होत्या. तिळगुळाचा डबा तिथेच उघडला आणि पोहोचेपर्यंत निम्मा झाला. हायब्रिडवाले मित्र आमच्या आधी दीड तास पोहोचून चहा पीत बसले होते. महिन्यातून दोन-तीनदा असा प्रवास असेल तर सरळ हायब्रिड घ्या, मी वाद घालणार नाही.

पण रोजच्या सकाळी चित्र उलटं असतं. बाहेर उणे 24, आमची गाडी रात्रभर प्लगला. निघायच्या वीस मिनिटं आधी फोनवरून हीटर सुरू केला की काचेवरचा बर्फ आपोआप सुटतो आणि हे सगळं घरच्या विजेवर, बॅटरीला हात न लावता. शेजारचा हायब्रिडवाला तेव्हा स्क्रॅपरने काच खरवडत असतो. आमच्या ऑन्टारियो प्रांतात 2023 पासून रात्री 11 ते सकाळी 7 अगदी स्वस्त विजेचा पर्यायही आहे. आम्ही सगळं चार्जिंग त्याच वेळात उरकतो. आणि आमच्याहून थंड विनिपेगला जाऊन पाहा, तिथे पेट्रोलच्या गाड्यांनाही पुढून वायर लोंबत असते. इंजिन गरम ठेवायला त्याही रात्री प्लगलाच लावतात!

बर्फात अडकलो तर? हा प्रश्न आईने पुण्याहूनही विचारला होता. अर्धी बॅटरी म्हणजे 32 युनिट. उभ्या गाडीत ऊब ठेवायला तासाला साधारण दोन युनिट धरा. रात्र निघते. शिवाय सायलेन्सर बर्फाने बुजून आत विषारी वायू येण्याची भीती नाही.

प्लग-इन हायब्रिड, म्हणजे बॅटरी जरा मोठी आणि प्लगला लावून भरता येणारी हायब्रिड, कागदावर दोन्हींचा सुवर्णमध्य दिसते. उन्हाळ्यात तशी असतेही. पण बऱ्याच मॉडेल्समध्ये कडाक्याची थंडी पडली की केबिन गरम करायला इंजिन सुरू होतंच, बॅटरी भरलेली असली तरी. घरी प्लग आहे, गाडी एकच आहे आणि लांबचे प्रवास खूप आहेत, अशांनाच मी ती सुचवीन.

इलेक्ट्रिक ठरलीच तर दोन गोष्टी विक्रेत्याकडून वदवून घ्या. पहिली, हीट पंप आहे का? तो एसी उलटा चालवल्यासारखं काम करतो, बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणतो. शून्याच्या आसपास मोठी बचत होते. उणे वीसला ती बरीच आटते. टोरांटोत त्याचे पैसे वसूल होतात, विनिपेगला फार भरवसा नको. दुसरी, बॅटरी कोणती? स्वस्त मॉडेल्समधली आयर्न फॉस्फेटची बॅटरी टिकाऊ असते, पण थंडीत दुसऱ्या प्रकारच्या, निकेल असलेल्या बॅटरीपेक्षा जास्त आळसावते. गॅरेज असेल तर खुशाल घ्या. गाडी उघड्यावर राहणार असेल तर मी निकेलवाली घेईन.

गोठलेली बॅटरी फास्ट चार्जरवर भरभर भरत नाही, हेही सांगायला हवं. शून्याखाली जोरात चार्ज केलं तर आत लिथियमचा थर साचून बॅटरी खराब होते, म्हणून गाडी स्वतःच वेग कमी करते. जानेवारी 2024 च्या थंडीत शिकागोत चार्जिंग स्टेशनांवर रांगा लागल्या, गाड्या अडकल्या. त्याच वर्षी नॉर्वेत विकल्या गेलेल्या दर दहा नव्या गाड्यांपैकी जवळजवळ नऊ इलेक्ट्रिक होत्या. तिथे बहुतेक लोक घरी चार्ज करतात, फरक तिथेच पडतो.

गेल्या महिन्यात ब्रॅम्प्टनहून एका भाच्याचा फोन आला. बेसमेंटमध्ये भाड्याने राहतो, घरमालक ड्रायव्हवेवरचं साधं सॉकेट वापरू देतो म्हणाला. त्यातून मिळतात जेमतेम 1.4 किलोवॅट आणि कडक थंडीत त्यातली बरीच वीज बॅटरी गरम ठेवण्यातच जाते. मी त्याला हायब्रिड घ्यायला सांगितली, आणि वाचलेल्या पैशांत आधी हिवाळी टायर.