बार्बाडोसमध्ये बस की भाड्याची गाडी? काही महिने फिरल्यानंतर

कामानिमित्त काही महिने बार्बाडोसला आहे, मुक्काम दक्षिण किनाऱ्यावर वर्दिंगला. निघण्याआधी जो तो सांगत होता, तिथे गाडी भाड्याने घ्यावीच लागते. आता मी ठामपणे सांगेन: दक्षिण किंवा पश्चिम किनाऱ्यावर राहणार असाल, तर रोजच्यासाठी गाडी नको.

बेट जेमतेम ३४ किलोमीटर लांब. सरकारी बस निळी, खासगी मिनीबस पिवळी आणि मरून रंगाच्या पट्ट्याची पांढरी व्हॅन म्हणजे 'झेडआर'. नंबरप्लेटवरच्या अक्षरांवरून पडलेलं नाव. भाडं सगळीकडे साडेतीन बार्बाडोस डॉलर, म्हणजे पावणेदोन अमेरिकी डॉलर, कितीही लांब जा. सरकारी बसमध्ये उरलेले पैसे परत मिळत नाहीत, सुटे जवळ ठेवा. स्टॉपच्या गोल पाटीवर 'टू सिटी' असेल तर गाडी ब्रिजटाऊनकडे जाते, 'आउट ऑफ सिटी' असेल तर तिकडून बाहेर. एवढं कळलं की निम्मं काम झालं.

मला झेडआर फार आवडते. आपल्याकडचं वडापच ते! गाणी मोठ्याने, माणसं दाटीवाटीने, कंडक्टर मधली घडीची सीट उघडून आणखी एकाला बसवणार. पण चढणारा प्रत्येक जण आधी 'गुड मॉर्निंग' म्हणतो आणि सगळी गाडी उत्तर देते. तुम्हीही म्हणा, गप्प बसणं इथे उद्धटपणाचं वाटतं. ११ नंबरची झेडआर वर्दिंगवरून ऑइस्टिन्सला नेते. शुक्रवारी रात्री तिथे ताजे मासे खायला अख्खं गाव लोटतं, त्या गर्दीत पार्किंग शोधत बसण्यापेक्षा हेच बरं.

पूर्व किनाऱ्याचं गणित मात्र वेगळं. बाथशेबाला बस जाते, पण परतीसाठी ताटकळावं लागतं. तिकडे एखाद-दोन दिवस गाडी घ्या. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, पण उसाच्या शेतांमधले रस्ते अरुंद आहेत आणि वळणावर समोरचं दिसत नाही. व्हिजिटर परमिट, म्हणजे पाहुण्यांना इथे गाडी चालवायचा परवाना, बहुतेक गाडीवालेच काढून देतात. गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढाच. एका जुन्या ओरखड्यावरून माझी अनामत कितीतरी दिवस अडवून ठेवली होती. टॅक्सीला मीटर नसतो, बसण्याआधी भाडं विचारा.

आणि केन्सिंग्टन ओव्हलला, जिथे २०२४ मध्ये आपण टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकलो, गाडी नेऊच नका. ब्रिजटाऊनच्या प्रिन्सेस अॅलिस बसस्थानकावरून चालत जाता येतं.